चौथ्या पोर्टचं वळण

बाबांचा उजवा हात प्लास्टरमध्ये, आत्याची शर्यत रविवारी आणि इंजिनाचं नवीन हेड अजून जसंच्या तसं कोरं! अशा वेळी शहाण्या मुलीने गप्प बसावं. पण गप्प बसली तर ती भिंगरी कसली?

“हेड मी घासते,” ती म्हणाली.

आत्या गाडीखालून सरपटत बाहेर आली. “तू? तुला पेन्सिलीला टोक काढता येत नाही, अर्धी पेन्सिल संपवतेस!”

“पेन्सिलीचं सोड. ग्राइंडर माझ्या हातात गुमान चालतो. विचार बाबांना.”

“बरा चालतो,” बाबा म्हणाले. बाबांच्या तोंडून ‘बरा’ म्हणजे सोन्याचं पदकच!

“ठीक आहे,” आत्याने फडक्याला हात पुसले. “पण चारही पोर्टमधून हवा सारखी गेली पाहिजे. नाही गेली तर जुनंच हेड बसवीन. मग हरले तर हरले, पण इंजिन फुटायला नको.”

हेड म्हणजे इंजिनाचं झाकण आणि पोर्ट म्हणजे त्यातून हवा इंजिनात शिरायची वाट. ती जितकी सुबक, तितकी हवा जास्त आणि तितकी गाडी सुसाट. सरळ रस्त्यावरची ही शर्यत डोळ्याची पापणी लवेपर्यंत संपते. तिथे हवेचा एक घोटसुद्धा वाया घालवून चालत नाही.

भिंगरीने चष्मा चढवला, मास्क लावला आणि घासायला सुरुवात केली. अ‍ॅल्युमिनियमचा चुरा केसांत, भुवयांत, मोज्यांत! मधूनमधून ती पोर्टमध्ये बोट घालून चाचपायची, कारण डोळ्यांना न दिसणारा खड्डा बोटाला सापडतो. पहिला पोर्ट झाला, दुसरा झाला, तिसरा तर असा उतरला की तिने स्वतःचीच पाठ थोपटली. इथेच घोड्याने पेंड खाल्ली. चौथ्याच्या वेळी ती अशी काही रंगात आली की वळणावरचा आतला उंचवटा घासतच सुटली. अजून जरा, अजून थोडंसं...

हवा मोजायच्या यंत्रावर हेड चढवलं. तीन पोर्ट शहाण्या मुलांसारखे वागले. चौथ्याने मात्र व्हॉल्व्ह पूर्ण उघडताच फर्रर्र केलं आणि काटा खाली आला.

“एवढी मोठी वाट केली, तरी हवा कमी?” भिंगरी रडकुंडीला आली.

“वळण मोडलंस ना,” बाबा म्हणाले. “सुसाट धावणाऱ्याला काटकोनात वळ म्हटलं तर तो वळेल का? भिंतीवर आपटेल. हवेचंही तसंच.”

आत्याने फळीवरून जुनं हेड काढून टेबलावर ठेवलं.

“थांब!” भिंगरी म्हणाली. “जास्त घासलं गेलंय ना? मग भरून काढते.”

“एपॉक्सीच्या लुकणाने?” आत्या म्हणाली. “तुकडा सुटून आत गेला तर इंजिनाचा भुगा होईल, बाईसाहेब.”

“सुटणार नाही असंच भरते.”

तिने वळणाचा तळ मुद्दाम खरखरीत केला, पेट्रोल सोसणारं एपॉक्सी कालवून भरलं आणि सुकू दिलं. आत्याने स्क्रूड्रायव्हर खुपसला. टक्! पूर्ण खपली निघून हातात आली.

“आता?” आत्या म्हणाली.

भिंगरीने खपली उलटी करून पाहिली. खालची बाजू तेलकट होती. चाचपताना तिच्या बोटाचं ग्रीस तिथे लागलं होतं, ते तिने पुसलंच नव्हतं! कान लालेलाल झाले, पण तोंडातून एवढंच निघालं, “आता परत.”

या वेळी तिने पोर्ट थिनरने धुतला, पुन्हा धुतला, आणि बाबांनी “धातू झिजेल गं” म्हटल्यावर आणखी एकदा धुतला. तळाला बारीक खाचा पाडल्या, म्हणजे एपॉक्सीला दात रोवता येतील. हातमोजे घालून भरलं आणि ते दगडासारखं होईपर्यंत दिव्याखाली तापवलं. मग वळण नव्याने कोरलं. दोनदा घासायचं, एकदा चाचपायचं. जीभ दाताखाली, श्वास अर्ध्यावर.

आत्याने पुन्हा स्क्रूड्रायव्हर घातला. खुपसला, उचकटून पाहिलं, वर हातोडीने ठोकलंसुद्धा. पातं वाकलं, भराव जागचा हलला नाही.

हेड यंत्रावर गेलं. या खेपेला फर्रर्र नाही. काटा चढला, चढला आणि तिसऱ्या पोर्टच्या किंचित खाली थांबला.

आत्याने डोळे बारीक केले. “तेवढ्यासाठी अजून जरा घासशील?”

भिंगरीची बोटं शिवशिवली. ग्राइंडर हाताशीच होता. पण ते वळण आता तिला आतून-बाहेरून पाठ झालं होतं.

“नाही,” ती म्हणाली. “आता एक जरी फेरी जास्त मारली, तरी वळण बिघडेल. आहे ते बरोबर आहे. बसवायचं तर हेच बसव.”

आत्याने बाबांकडे पाहिलं. बाबांनी खांदे उडवले. “माझ्याकडे काय बघतेस? हेड तिचं आहे.”

“मालकीणबाई,” आत्याने जुनं हेड उचललं आणि परत फळीवर ठेवून दिलं, “या हेडखाली घालायला नवीन गॅस्केट आणा. आणि आधी ते हात धुवा!”