हे कुणी सांगितलं?

नागापूरच्या कारखान्यात तीस वर्षं फिटरकी केलेले मच्छिंद्रराव साठीला टेकल्यावर इतिहास शिकायला कॉलेजात जाऊ लागले. "आता काय मास्तर व्हायचंय व्हय?" म्हणून गाव हसलं. मच्छिंद्रराव मात्र मोबाईलवर आलेला इतिहाससुद्धा मन लावून वाचत. 'वेशीजवळचा दर्गा म्हणजे कालचं अतिक्रमण' हा मजकूर त्यांनी दोनशे जणांना पाठवला, वर कॉलेजच्या 'माझ्या गावाचा इतिहास' या निबंधातही उतरवला.

लेकीच्या वयाच्या रुपाली मॅडमनी त्या ओळीखाली लाल रेघ ओढली. "काका, हे कुणी सांगितलं?"

"मोबाईलवर आलं."

"लिहिणारा कोण? त्याला कसं कळलं? गावात कुणाला विचारलंत?"

"न्हाई, मॅडम."

"गणित चुकलं तर मार्क जातात, काका. इतिहास चुकला तर माणसं जातात."

दुपारी ते गावात उतरले तेव्हा दुकानांची शटरं अर्धी खाली होती. रोज चहाला हाक मारणारा पीरमहंमद शिंपी आज तोंड फिरवून शिलाई मशीन टेम्पोत चढवत होता. तेवढ्यात मोबाईल वाजला. 'उद्या सकाळी दहाला दर्ग्यापाशी. पहारी आणा.' खाली पुरावा म्हणून त्यांनीच पाठवलेला मजकूर होता, त्यांच्या नावासकट!

तडक घरी येऊन मच्छिंद्ररावांनी आईला, चांगुणाबाईंना विचारलं, "आये, येशीजवळचा दर्गा कालचा हाय का गं?" म्हातारी चकितच झाली.

"कालचा? आरं, तुजं जावळ तितंच काढलं! नवसाचा हायेस तू. उरुसातल्या संदलाचा पयला मान आपल्या घराचा हुता. तुज्या आज्यानं त्या पायऱ्यांचे दगड वाह्यले. तू कधी इचारलंच न्हाईस!"

सकाळी पन्नासेक माणसं पहारी घेऊन आली. पुढं आदल्या दिवशीचा निरोप धाडणारा सूर्यभान होता. पायरीवर मच्छिंद्रराव एकटे उभे होते.

"तो मजकूर मी पाठवला. कुणी लिहिला, ठावं न्हाई. ह्या पायऱ्यांचे दगड माज्या आज्यानं वाह्यलेत. पयली पहार माज्या डोक्यात घाला!"

"मंग हे पयलं का न्हाई सांगितलं?" सूर्यभान ओरडला.

"कारण मी पयलं इचारलंच न्हाई!"

न विचारता तोच मजकूर पुढं ढकललेली माणसं एकमेकांकडं बघू लागली. मग सूर्यभानानं पहार खाली टेकवली आणि माणसं एकेक करून पांगली.

संध्याकाळी पीरमहंमदनं दारातच थांबवलेल्या टेम्पोतून मशीन उतरवलं, पण बांधलेली गाठोडी काही सोडली नाहीत. मच्छिंद्ररावांना ते फार लागलं.

मंडळी, खोटं पुढं ढकलायला एक बोट पुरतं, थोपवायला मात्र छाती पुढं करावी लागते, आणि तरीही शेजाऱ्याची गाठोडी बांधलेलीच राहतात. म्हणून बोट उचलण्याआधीच विचारा, हे कुणी सांगितलं?