झाकणाखालची ठमी

रस्त्याखाली गाडलेली नदी उघडायचं काम घरासमोर येऊन ठेपलं, तसं सासूबाईंचं जेवणावरचं लक्षच उडालं. सून गिऱ्हाइकांचे पडदे शिवत असायची. स्लॅब फोडणाऱ्या यंत्राने घर हादरलं की टाका वाकडा जायचा आणि ती वैतागायची. सासूबाई मात्र खिडकीतून हलायला तयार नव्हत्या.

एका दुपारी त्यांनी आपणहून विषय काढला. त्यांची पाठची बहीण, ठमी, लहानपणी याच नदीत वाहून गेली होती. पुष्कळ शोधाशोध झाली, पण हाती काही लागलं नाही. पुढे नदीवर स्लॅब टाकायला घेतला, तेव्हा त्यांचे वडील गवंडी म्हणून त्याच कामावर होते. काम संपवून घरी आले ते भिंतीकडे तोंड करून निजले.

"बाबांनी तिला आत ठेवूनच झाकण लावलं गं," सासूबाई म्हणाल्या.

सुनेने हे नवऱ्याच्या कानावर घातलं. त्याने हसण्यावारी नेलं. आई हल्ली कुकरच्या शिट्टीलाही ओ देते, म्हणाला.

यथावकाश पाणी वाहतं झालं. काठाला कठडा आला, पायऱ्या आल्या, लोक फिरायला येऊ लागले. पुलापाशी मात्र नदी पुन्हा जमिनीत शिरत होती. पुढचा भाग अजून झाकलेलाच होता. सासूबाईंनी हट्टच धरला, तेव्हा सून त्यांना हाताला धरून त्या काळ्या तोंडापाशी घेऊन गेली.

"ठमे," त्यांनी हाक मारली.

आतून आवाज घुमत आला. बघा, तुमचाच आवाज, असं सून म्हणणार होती. पण शब्द तो नव्हता. आतून बारीक, घसा बसलेल्या आवाजात आलं होतं, "आक्का."

सून झटकन एक पायरी मागे सरली. सासूबाई दचकल्यासुद्धा नाहीत. ओल्या पायरीवर बसकण मारून, रडक्या पोराला समजवावं तशा म्हणाल्या, "थांब हं. अजून थोडंच राहिलंय."

त्या रात्री त्या पोटभर जेवल्या आणि गाढ झोपल्या. सुनेचा डोळ्याला डोळा लागला नाही.

पुढचा भाग कधी उघडणार, असं सासूबाई आता रोज विचारतात. पुढच्याच महिन्यात काम सुरू होतंय, हे सुनेला ठाऊक आहे. ती सांगत नाही.