मनगटावरचं सूत आणि फिरती चकती

शतक संपायला आलं होतं त्या दिवसांतली गोष्ट. ओतूरला एसटी स्टँडपासून थोडं पुढं भागुजीचं पत्र्याचं शेड होतं. खिडक्यांच्या जाळ्या, कांदाचाळीचे सांगाडे, द्राक्षबागांचे अँगल, सगळं लोखंडकाम तिथं व्हायचं. मुली लग्न होऊन गेल्यावर त्याची बायको द्रौपदा रोज शेडवर यायला लागली. पट्टी धर, गंज घास, रंग मार, अशी वरकामं ती करायची. ग्राइंडरला मात्र तिनं कधी हात लावला नव्हता.

हात लावला नव्हता, पण नजर काढली नव्हती. ते यंत्र सुरू झालं की द्रौपदा हातातलं काम विसरायची. तळहाताएवढी चकती, भाकरीहून पातळ, आणि तिच्यापुढं लोखंड काकडीसारखं दुभंगायचं. ठिणग्यांचा झोत सरळ भिंतीवर आपटून विखुरायचा. रोज बघूनही तिला ते रोज नवं वाटायचं. एकदा भागुजीच्या मांडीवरचं फडकं घसरून चकतीला लागलं होतं. लागलं म्हणेपर्यंत ते फडकं राहिलंच नव्हतं, नुसत्या चिंध्या गुंडाळलेल्या. त्या दिवसापासून द्रौपदा शेडवर पदर कमरेला घट्ट खोचायची आणि वरून पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायची, मळ्यात खुरपायला जाणाऱ्या बायका घालतात तसा. बाहीच्या आत बांगड्या, वर बटण.

त्या दिवशी वैशाखी पौर्णिमा होती. घाटावरच्या आणे गावच्या विहाराचं फाटक संध्याकाळच्या वंदनेआधी बसवून द्यायचं होतं. टेम्पोवाला गेणभाऊ दारात येऊन थांबला होता. काम एवढंच उरलं होतं, की कुलपाची पेटी बसवायला एका झडपेच्या मधल्या पट्टीतून तुकडा कापून काढायचा. झडप दोन्ही टोकांना ठोकळ्यांवर आडवी ठेवली होती.

भागुजीनं चकती बसवली, पान्यानं आवळली, चकतीला आडोसा देणारा गार्ड आपल्या बाजूला फिरवला, चष्मा लावला आणि मगच वायर बोर्डात घातली. यात तो कधी चुकायचा नाही. पण त्यानं यंत्र उचललं आणि द्रौपदेला त्याचं मनगट दिसलं.

आदल्या संध्याकाळी वस्तीत परित्राण पाठ झाला होता. भंतेजी सुत्तं म्हणत होते, तेव्हा पांढऱ्या सुताचा एकच धागा बसलेल्या सगळ्यांच्या हातांतून फिरला होता, आणि शेवटी त्याचेच तुकडे जो तो मनगटाला बांधून घेत होता. हे सूत आपण तोडायचं नाही, झिजून गळू द्यायचं, अशी रीत. भागुजी थंडीत छातीच्या दुखण्यातून उठलेला, म्हणून भंतेजींनी त्याला चांगले जाड वेढे दिले होते. टोकं लांब लोंबत होती, चकतीपासून बोटभर अंतरावर.

"थांबा," द्रौपदा म्हणाली. "आधी ते सूत काढा."

"काढायचं नस्तं. म्हाईत न्हाई का तुला?"

"मंग आज कापू नका."

"एवढ्याशा दोऱ्यानं काय व्हतंय? तुटून जाईल."

"तुटलं तर बरं. न्हाई तुटलं तर हात घिऊन जाईल. फडकं बघितलं व्हतं ना?"

भागुजीनं टोकं वेढ्याखाली खोचली. हात हलवला तशी ती परत बाहेर आली.

"आपण गंडंदोरं छप्पन सालीच सोडलं ना?" ती म्हणाली.

"ह्यो गंडा न्हाई. संघानं बांधलंय. बोलताना जरा इचार करावा माणसानं."

"वहिनी, राहू द्या की," गेणभाऊ दारातून म्हणाला. "अजून आण्याचा घाट चढायचाय. तुमचं भांडण ऐकायचं मी भाडं घेत न्हाई."

द्रौपदेनं बोर्डातली वायर उपटली. पत्रा कापायची कात्री घेतली, बाहीचं बटण काढलं आणि स्वतःच्या मनगटावरचं सूत कापलं. तुकडा कपाळाला लावून खिडकीत ठेवला, बाहीचं बटण परत लावलं.

"माझं सुटलं. मी कापते."

"झालं," गेणभाऊ हसला. "भागूभाऊ, तुमी आता घरी भाकरी थापा."

"हिसका मारतं ते," भागुजी म्हणाला. "तुला आवरायचं न्हाई."

"इतकी वर्सं काय बघतीया मग मी?"

ती मागं हटेल असं त्याला वाटलं असावं. त्यानं चष्मा काढून दिला.

द्रौपदेनं तो लावला, रंगाच्या थिनरचा डबा शेडबाहेर नेऊन ठेवला. चकतीची कड बोटानं चाचपली, कुठं टवका उडालेला नव्हता. ठिणग्या जातील त्या रेषेतून गेणभाऊला बाजूला केलं. वायर परत बोर्डात घातली. पाय रोवून, चकतीच्या रेषेतून अंग जरा बाजूला घेऊन ती उभी राहिली. दोन्ही मुठी आवळल्या आणि मग बटण दाबलं.

बाहेरून बघणं वेगळं होतं. धरलेलं करडू सुटायला बघतं तसं यंत्रानं मनगट पिळलं. कानांतून, दातांतून, बरगड्यांतून एकच सूर घुमला. तो सूर एकसारखा होईपर्यंत तिनं चकती हवेतच फिरू दिली. मग पट्टीला टेकवली. ठिणग्या सुटल्या आणि लोखंडात रेघ उतरायला लागली. जोर तिचा नव्हताच, ती नुसती वाट दाखवत होती. एवढी ताकद आपल्या मुठीत आहे आणि ती आपली नाही, हे तिला त्या क्षणी अंगभर कळलं.

पट्टी तुटता तुटता झडप मध्यभागी खाली बसली. काप मिटला, चकती त्यात आवळली. फाडकन आवाज झाला आणि यंत्र वर उसळलं. चकतीचा तुकडा गार्डावर आपटून छताच्या पत्र्याला लागला, पत्रा घणघणला.

द्रौपदेच्या मुठी सुटल्या नव्हत्या. बटणावरचं बोट तेवढं उठलं होतं.

गेणभाऊ टेम्पोच्या पायरीवर बसला. भागुजी जवळ आला, त्यानं आधी तिचा चेहरा बघितला, हात उलटेपालटे करून बघितले. मग यंत्र उसळून जिथं गेलं होतं ती जागा बघितली, आणि आपलं मनगट.

"मधी ठोकळा द्यायचा राहिला," तो म्हणाला. "घाईत माझ्याच ध्यानात आलं न्हाई."

"मला तरी कुठं आलं?"

त्यानं हात पुढं केला. द्रौपदेनं कात्री वेढ्यांखाली सरकवली. सूत जाड होतं. कात्री दोनदा दाबावी लागली तेव्हा तुटलं. भागुजीनं ते मुठीत धरलं, डोळे मिटले आणि तिच्या सुताशेजारी ठेवून दिलं.

मग त्यानं कापाच्या दोन्ही अंगांना ठोकळे सरकवले, बोर्डातली वायर काढून नवी चकती आवळली आणि वायर परत घातली. आता त्याचा हात मोकळा होता. तरी त्यानं यंत्र तिच्याकडंच दिलं.

"हळू," एवढंच म्हणाला.

दुसरा काप सरळ उतरला. तुकडा टणकन खाली पडला. बटण सुटलं तरी चकती फिरत राहिली होती, सूर उतरत चालला होता. गेणभाऊनं टेम्पो सुरू केला, हॉर्नही दिला. द्रौपदेनं तिकडं बघितलं नाही. चकती तिच्यावरची अक्षरं वाचता येण्याइतकी थांबली, तेव्हा कुठं तिनं यंत्र खाली ठेवलं.