तारेचे दुसरे टोक

"आजेसासऱ्यांच्या वडिलांनी ही भिंत दगडात बांधली, आजेसासऱ्यांनी तिच्यावर वीज आणली आणि सासऱ्यांनी टेलिफोन टांगला," असे म्हणत आक्कांनी दीड हात जाडीच्या भिंतीवर तळवा आपटला. "आणि तू म्हणतोस, ही आडवी येते?"

"भिंतीचा दोष नाही हो, आजी." नेटवाला चष्मा कपाळावर चढवून जिन्यात बसला होता. "पण वायफाय एवढा दगड भेदत नाही. वरच्या खोलीपर्यंत तार न्यावी लागेल."

"बिनतारी ना ते? मग तार कशाला?"

"बिनतारी दारापाशी येईपर्यंत तारच लागते."

आक्कांना यातले अक्षरही कळले नाही. तरीही, विद्यार्थ्याचे उत्तर बरोबर आल्यासारखी त्यांनी मान हलवली.

वर नातीची चार वाजता नोकरीची मुलाखत होती, संगणकावर. मागच्या दोन्ही खेपांना तिचा चेहरा अर्ध्या वाक्यात गोठला होता. आज तसे झाले तर रविवारी ती मैत्रिणीकडे राहायला जाणार होती. पलंगावर बॅग उघडी पडली होती. 'राहा' हा शब्द आक्कांच्या तोंडून कधी निघालेला नव्हता. त्यांनी नेटवाल्याला बोलावले, एवढेच.

तोच नेटवाल्याने वरून हाक मारली. टेबलामागची पांढरी झाकणी त्याने काढली होती.

"अहो, इथे सॉकेट आहे! भिंतीतून तार आधीच आलीय. बैठकीतही तसंच दिसतंय. सगळ्या तारांची दुसरी टोकं कुठेतरी एकत्र आली असणार. तिथे या दोन तारा जोडल्या, की इथे दुसरं यंत्र लावायचं. संपलं काम."

पण ती टोके काही सापडेनात. माळा झाला, मीटरची पेटी झाली, जिन्याखालची अडगळ झाली. तीन वाजले.

"या तारा टाकल्या कोणी?"

"धाकट्या दिरांनी," आक्का म्हणाल्या.

"ज्यांच्याशी तू बोलत नाहीस ते?" नातीने विचारले.

आक्कांनी उगाचच खुर्ची सरळ केली. बारा वर्षांपूर्वी घराला नवा गिलावा झाला आणि चारच दिवसांत भाऊजींनी तारांसाठी खोल्याखोल्यांतून त्याला खाचा पाडल्या. "या तारा एक दिवस लागतील, वहिनी," एवढेच ते म्हणत राहिले. गवंडी, त्याचा जोडीदार, सुतार आणि शेजारीण, अशा चार माणसांदेखत आक्कांनी त्यांना 'घर पोखरणारी घूस' म्हटले. त्या संध्याकाळी भाऊजी गेले, ते पुन्हा उंबरा चढले नाहीत.

आक्कांनी फोन उचलला. नंबरासाठी वही उघडावी लागली नाही.

"भाऊजी, त्या तारांची दुसरी टोकं कुठे आहेत?"

पलीकडे पंखा बंद झाला.

"तुमच्या लोखंडी कपाटामागे, वहिनी. मी निघत होतो, तेव्हाच तुम्ही ते तिथे सरकवून घेत होतात." आणि लगेच, "चिठ्ठ्या टिकल्यात का?"

आक्का गोंधळून कपाटाकडे पाहत राहिल्या. उन्हाने रंग उडतो म्हणून कपाट हलवले, असे त्या सगळ्यांना सांगत आल्या होत्या. सांगता सांगता त्यांनाही तेच खरे वाटू लागले होते.

कपाट सरकवायला तिघे लागले. मागे एक डबी होती. तिच्यात सात तारा आणि प्रत्येकीवर सुबक अक्षरातली चिठ्ठी. एकीवर लिहिले होते, 'चिमणीची अभ्यासाची खोली'. तेव्हा त्या खोलीत ट्रंका रचलेल्या असत आणि चिमणी, म्हणजे ही नात, दहा वर्षांची होती.

चारला पाच कमी असताना वर हिरवा दिवा लागला. आक्का खालच्या पायरीवर बसून राहिल्या. बंद दारामागून नातीचा आवाज अखंड येत होता. एकदा हसण्याचाही आला. पावणेपाचला दार उघडले.

"आजी, बॅग माळ्यावर टाकू का?"

"टाक की. पण आधी खाली ये. माणसं कमी पडताहेत."

हत्यारे आवरून निघालेल्या नेटवाल्याला त्यांनी बसवून ठेवलेच होते. शेजारणीला खिडकीतून हाक मारली. दारात पार्सल घेऊन आलेल्या कुरिअरवाल्याला दंडाला धरून आत घेतले.

"आजी, सही..."

"सही पळून जात नाही. उभा राहा इथे."

"पण मी केलं काय?"

"काही नाही. नुसतं ऐकायचं."

नातीने भाऊजींना फोन लावून आवाज मोठा करून दिला. आक्का खुर्चीतून उठल्या.

"भाऊजी, तेव्हा चार माणसं होती. आजही चार आहेत, मोजून घेतलीत. तुम्ही घूस नव्हतात. शहाणे होतात. चुकले ती मी."

शेजारणीने तोंडाला हात लावला. कुरिअरवाला एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत होता.

"ऐकू आलं का?"

"आलं, वहिनी," पलीकडून आवाज आला. "अगदी स्वच्छ आलं."

आक्कांनी कुरिअरवाल्यापुढे हात केला.

"आण तो कागद. कुठे करायची सही?"