अहो, पुढे या

सिनेमातून नवरोबांना एकच गोष्ट पदरात पाडून घ्यायची होती: चेहरा. बावीस वर्षं ते नाटकात बाईंच्या नवऱ्याचं काम करत होते, घरीही तेच. पण लोकांना ओळखीची होती ती त्यांची पाठ. त्याला कारण बाई. चहाच्या प्रवेशात टोमणे रंगात आले की त्या बोलता बोलता अलगद मागे सरकायच्या. मागच्याशी बोलायला पुढच्याला वळावंच लागतं. नवरोबा वळायचे, पाठ प्रेक्षकांकडे, आणि बाईंचा मुखडा लख्ख उजेडात. टाळ्या कुणाला, हे सांगायला नकोच.

आता त्याच नाटकाचा सिनेमा निघाला होता. चहाचा प्रवेश सलग घ्यायचा होता, आणि रीळ कमी म्हणून एकदाच.

तालमीत बाई म्हणाल्या, "अहो, जरा पुढे या ना. टेबलापाशी."

नवरोबांचे कान टवकारले. ज्या बाईनं बावीस वर्षांत टीचभर जागा सोडली नाही, ती आज पायघड्या घालते?

"मी इथे बरा आहे."

"कॅमेरामन म्हणाला, टेबलापाशी चेहरा छान येतो."

"तुझ्याशी कधी बोलला तो?"

"मघाशी. चहा दिला त्याला तेव्हा."

"चहाही पाजलास?" संशयावर शिक्कामोर्तब झालं. कट शिजला होता, तोही साखर घालून.

कॅमेरा सुरू झाला. बाई टेबलाशी बसून, समोर बघत, कपात चहा ओतता ओतता खांद्यावरून टोमणे फेकू लागल्या. मधेच मान वळवून डोळ्यांनी खुणावलं: या. नवरोबा एक पाऊल मागे. पुन्हा खुणावलं. आणखी एक. शेवटी पाठ पुस्तकांच्या कपाटाला टेकली, तेव्हा कुठे त्यांना जिंकल्यासारखं वाटलं.

"वा!" दिग्दर्शक ओरडला. "भेदरलेला नवरा! झकास!"

नवरोबांनी बाईंकडे विजयी नजर टाकली.

पहिल्या खेळाला अख्खं थिएटर खदखदून हसलं. टेबलावरच्या उजेडात बाईंची पापणीसुद्धा दिसत होती. मागे काळोखात, कपाटाशी, काहीतरी पुसट हलत होतं.

बाहेर पडताना एका गृहस्थांनी बाईंना वाकून नमस्कार केला आणि नवरोबांना म्हणाले, "तुम्ही यांचे मॅनेजर का?"

पायऱ्या उतरताना नवरोबा पुटपुटले, "सांगायचं नाही का मला?"

"तीनदा सांगितलं."

"खरं वाटेल असं सांगायचं."

मागे जाण्यात फायदा असतो, हे नवरोबांना बावीस वर्षं शिकवलं कुणी होतं? चेहरा गेला तो नवरोबांचा. पण आपल्या आयुष्यातलं सर्वांत देखणं काम बाईंनीही पाहिलं नव्हतं; थिएटरात तो सबंध प्रवेश त्या पडद्यावरच्या काळोख्या कपाटाकडेच बघत बसल्या होत्या.