किर्ती भोईरचा पत्ता

किर्तीचं डोकं एवढं तापलं होतं, की उल्हासनगर कॅम्प एकमधल्या त्या कापडाच्या दुकानावरचा जिना ती धाडधाड चढली आणि चपलांसकट अभिजीतच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. खालून दुकानाचा सिंधी शेठ 'साईं, कौन चाहिये' विचारत राहिला. तिने बघितलंसुद्धा नाही.

हा अभिजीत 'कोठार' चालवायचा. लोकांनी लिहिलेले प्रोग्राम ठेवायची वेबसाइट. ज्याच्या त्याच्या नावाचा पत्ता, त्या पत्त्यावर ज्याचं त्याचं काम. किर्ती बदलापूरजवळच्या चामटोलीच्या भोईरांची. टाकी भरली की पाण्याची मोटर आपोआप बंद करणारी डबी तिने बदलापूरच्या बऱ्याच बिल्डिंगांत बसवली होती. त्या डब्या रोज पहाटे 'किर्ती-भोईर' या पत्त्यावर जायच्या, प्रोग्राम उचलायच्या आणि कामाला लागायच्या. झकास चाललं होतं.

मग लग्न झालं. नवरा अंबरनाथचा, कैलास म्हात्रे. आधार बदललं, बँक बदलली, त्याच झटक्यात कोठारावरही नाव बदललं, तिचा प्रोग्राम नव्या नावाच्या पत्त्यावर गेला. तसं बटणच होतं तिथे. पण जुन्या नावाचं पुढे काय, हा विचार त्या शाण्या अभिजीतने केलाच नव्हता. सुटलं की मोकळं, येईल त्याचं. आणि बदलापुरात भोईर काय कमी आहेत? कॉलेजातल्या दुसऱ्या एका किर्ती भोईरने ते नाव घेतलं आणि सरावाला आपला 'मोटर' प्रोग्राम तिथे ठेवला. बिचारी मोटर चालू करायला शिकली होती, बंद करायचा धडा अजून यायचा होता.

डब्यांना काय कळतंय? त्यांनी तोच उचलला. सकाळी सगळ्यात आधी दिनानाथकाकांच्या सोसायटीत गच्चीवरून धबधबा. काका तिथले सेक्रेटरी. ते फोनवर जे बोलले ते सांगण्यासारखं नाही. संध्याकाळी डबी उखडतो म्हणाले, बाकीच्या बिल्डिंगांनाही सांगतो म्हणाले.

अभिजीत खुर्चीतून हललासुद्धा नाही. नाव तूच बदललंस म्हणाला. आता ते त्या पोरीचं, तिला कसं हाकलू, असंही वर ऐकवलं.

तेव्हा किर्तीचा आवाज खाली आला. ओरडत होती तोवर बरं होतं.

"चामटोलीत आजही कोणी मला शोधत आलं, तर आई सांगते, पोरगी अंबरनाथला दिली, असे जा. माझ्या नावाने दुसरीला दारात उभी नाही करत."

अभिजीतने मान खाजवली. बरं, तुझ्यापुरतं करतो म्हणाला. आगीत तेलच ओतलं त्याने.

"माझ्यापुरतं नको. उद्या तिचंही लग्न होईल."

एकदा दिलेलं नाव परत दुसऱ्याला द्यायचं नाही, आणि जुन्या पत्त्यावर येईल त्याला नव्याकडे धाडायचं. सगळ्यांना हाच नियम, आणि तो आत्ता, तिच्यासमोर. चांगली नावं संपतील अशी कुरकुर त्याने केली. संपू देत म्हणाली, आकडे लाव पुढे. अभिजीतकडून नंबर घेऊन त्या पोरीला तिने स्वतः फोन लावला. ती रडायलाच लागली. तुझा काय दोष गं, म्हणून तिची समजूत घातली आणि तिला नवं नाव घ्यायला लावलं. मग अभिजीतचं काम होईस्तोवर त्याच्या डोक्यावर उभी राहिली.

संध्याकाळी बदलापुरात गच्चीवर काका पाना घेऊन तयारच होते. किर्तीने डबी बंद करून परत चालू केली. डबी जुन्या पत्त्यावर गेली, तिथून नव्यावर. टाकी भरत आली. काठाशी पाणी आलं आणि मोटर गपकन थांबली.

काकांनी पाना खिशात घातला. चांगला शब्द काय निघाला नाही तोंडातून.

तेवढ्यात अभिजीतचा फोन आला. चाललं का विचारायला असणार; राहू दे ताटकळत, म्हणून तिने वाजू दिला.