तिघांपुरते टायर

गाडीला सोळा इंची अलॉय चाकं घ्यायचं ठरलं, त्या दिवसापासून मल्हार गाडीकडे समोरून बघेनासा झाला. बाजूनंच बघायचा. गाडी मुळात चौदा इंची चाकांची, पांढरी. त्याच्या गावात, वालुरात, तशा अजून अकरा. पण रविवारी जिंतूरकडे मुलगी बघायला जायचं होतं, आणि आधीच्या तिन्ही ठिकाणांहून नुसतं ‘कळवतो’ आलं होतं. मुलात काही कमी नव्हतं, असं मल्हारचं स्वतःचं मत. ऑनलाईन फॉर्म भरून द्यायचं चालतं दुकान, घरी चाळीस शेळ्या. तेव्हा दोष चाकांचाच, हे ओघानं आलं.

अलॉय त्यानं जुन्या बाजारातून आणले आणि टायरसाठी सेलूला शिवप्रकाशअप्पांकडे गेला. अप्पांच्या कपाळावर भस्माचे तीन पट्टे, कानावर खडू. गिऱ्हाइकाशी बोलताना नजर मात्र कायम चाकाकडे.

“अप्पा, दोनशे पाच पासष्ट टाका. चाक कसं भरलेलं दिसलं पायजे.”

अप्पांनी सुतळीचा तुकडा घेतला, गाडीच्या जुन्या टायरची उंची मापली, गाठ मारली. मग मल्हारला हवा होता तो टायर अलॉयवर चढवून उभा केला आणि त्याला सुतळी लावली. गाठ तीन बोटं कमी पडली.

“हे बघ,” अप्पा म्हणाले, “पयला आकडा रुंदी. दुसरा, त्या रुंदीच्या शेकडा किती रबर उभं हाय ते. शेवटचा डिस्कचा, म्हंजे रबराच्या आतल्या चाकाचा. डिस्क दोन इंचानं वाढली, तर रबर तेवढं उतरवायचं. चाकाची एकूण उंची हाय तीच राह्यली पायजे. तुला एकशे पंच्याण्णव पंचावन्न बसतो.”

“पंचावन्न? भाकरीवानी चपटा दिसंल!”

“मोठा घेतला तर मागं मडगार्डाला घासंल.”

पण टायर एकदा लावूनच बघायचे, असा मल्हारचा हट्ट. चारी चाकं चढली, त्यानं रिकामी गाडी दुकानापुढे फिरवून आणली आणि विजयी मुद्रेनं खाली उतरला. “कुठं घासला?”

“तिघं बसा, न्हाई घासणार. मागं भरलात की घासणार. अन् मीटर साठ दाखवील तवा गाडी पासष्टनं पळायली असंल.”

“मंग तर फायदाच हाय की.”

अप्पांनी ती सुतळी मल्हारच्या खिशात सारली. “राहू दे. लागंल.”

तिघंच बसणार होते. मल्हार, वडील दत्तराव आणि आत्या केवळाबाई. पण रविवारी सकाळी आत्या उंबऱ्यातच अडल्या.

“सोयरिकीला तिघं? जन्मभर बिनलग्नाचा राह्यचं का तुला?”

“मंग सीताराममामाला घेऊ. चौघं.”

“चौघं?” दत्तराव म्हणाले. “खांदा द्यायला जायलेत का?”

म्हणून पाचवे भागवत दाजी. तिघं मागं बसले. मामा एकशे दहा किलोचे, तेही उपाशीपोटी.

वेशीबाहेरच्या पहिल्याच खड्ड्यात मागून घर्रर्र असा आवाज आला.

“गाडीत बोकड कुणी घेतला?” आत्यांनी विचारलं.

दुसऱ्या खड्ड्यात बोकड पुन्हा ओरडला आणि जळक्या रबराचा वास आला. मग रीत ठरली: खड्डा आला की मागच्यांनी उतरायचं, पलीकडे जाऊन बसायचं. मुलीच्या गावाच्या फाट्याला वळले तेव्हा पुढे सगळाच खड्डा होता, मधूनमधून डांबर. तिघं उतरले ते उतरलेच. सगळे चालताना आपण बसणं बरं दिसत नाही म्हणून दत्तरावही उतरले.

असे ते गावात शिरले. पुढे बैलाच्या चालीनं गाडी, मागं चौघं, मान खाली घालून. पारावरचा एक म्हातारा उठून उभा राहिला, टोपी काढली आणि दाजींना हळूच विचारलं, “कोण होतं?”

“नवरदेव.”

“अरारा. लहानच असंल.”

मुलीचे वडील योगीराज दारातच होते. “गाडी बंद पडली का?”

“न्हाई न्हाई,” मामा घाम पुसत म्हणाले, “जरा पाय मोकळे केले.”

पोहे झाले, चहा झाला. दीपिका येऊन बसली. आयटीआय करून जिंतूरला एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होती. बायोडाट्यात तसं लिहिलेलं होतं. पण गावभराचे फॉर्म भरणाऱ्या मल्हारनं त्यातला फक्त फोटो वाचला होता. आत्यांनी स्वयंपाकाचं विचारून घेतलं आणि मोठ्या मनानं म्हणाल्या, “तुला काय विचारायचं असंल तर विचार, बाई.”

“जुना साईज काय होता?”

आत्यांनी मल्हारच्या शर्टाकडे पाहिलं.

“टायरचा,” दीपिका म्हणाली.

“एकशे पासष्ट ऐंशी. चौदा.”

“अन् आता हाय दोनशे पाच पासष्ट, सोळा. मी खिडकीतून वाचला. म्हंजे उंची पाच सेंटिमीटरनं वाढली. दुकानदारानं सांगितलं न्हाई?”

सगळं दुकानदारावर ढकलून मोकळं व्हायला इतकी सोपी वेळ पुन्हा आली नसती. मल्हारनं तोंड उघडलंही. पण खिशात हात गेला आणि हाताला सुतळी लागली.

“सांगितलं होतं.”

“मंग?”

“मी ऐकलं न्हाई.”

दाजींनी कपाळाला हात लावला. योगीराज उठता उठता म्हणाले, “कळवतो.”

चौथं.

सोमवारी मल्हार सेलूला गेला. अप्पा ‘मी म्हणलो नव्हतो का’ म्हणाले नाहीत. त्याचा मल्हारला जास्त त्रास झाला. अप्पांनी एकशे पंच्याण्णव पंचावन्न चढवले, सुतळी लावली. गाठ बरोब्बर बसली. पण चावी देईनात. शेजारच्या हॉटेलातून भजी खात बसलेले पाच दणकट लोक उठवून आणले, गाडीत कोंबले आणि गतिरोधकावरून तीनदा गाडी नेली. बोकड गप्प होता.

पुढच्या रविवारी न बोलावता जायला कारण हवं होतं. ते मामांनी आधीच करून ठेवलं होतं. त्यांचं उपरणं तिथं विसरलं होतं, म्हणजे चांगली घडी घालून विसरलं होतं.

आज पाचही जण बसून गावात शिरले. पारावरच्या म्हाताऱ्यानं गाडीत वाकून पाहिलं, सगळे मोजले आणि समाधानानं टोपी घातली.

दीपिका बाहेर आली. मल्हारकडे तिनं पाहिलंच नाही. मामांना “तुमी उतरू नका” म्हणाली, मागच्या चाकापाशी उकिडवी बसली, आकडा वाचला, टायर आणि मडगार्डामध्ये बोटं घालून पाहिली आणि आत गेली. थोड्या वेळानं योगीराज उपरणं घेऊन आले.

“हो म्हणायली.”

“एक विचारू का?” दत्तराव म्हणाले. “पोरीला मुलगा पसंत हाय का टायर?”

उत्तर आतून आलं. “टायर त्या दुकानदाराची हुशारी हाय. ह्यांना सांगितलेलं कळतं, एवढं बघितलं.”

“आठ दिवसांनी कळतं,” आत्या पुटपुटल्या.

“चालतंय. आमच्या वर्कशॉपात महिना लागतो.”

मल्हारनं दोन पावलं मागं सरून गाडीकडे बाजूनं पाहिलं. टायर भाकरीसारखे चपटेच दिसत होते. त्यानं ते कुणाला सांगितलं नाही.